कोळ्याला एकटे कोण पाडते?

मराठी वाचकाच्या मनात कोळ्याची दोन चित्रे पक्की बसलेली आहेत. पहिले चित्र गाण्यातले. शान्ता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते आकाशवाणीने घरोघर नेली. तेव्हापासून शाळेच्या स्नेहसंमेलनात तांबडा रुमाल गुंडाळून, पुठ्ठ्याचे वल्हे हाती घेऊन नाचणारी मुले म्हणजेच कोळीवाडा, अशी आपली समजूत झाली. दुसरे चित्र कादंबरीतले. अथांग पाणी, लहानशी होडी आणि तीत निसर्गाशी झुंजणारा एकटा पुरुष. पहिल्या चित्रातला कोळी सदैव आनंदी असतो, दुसऱ्यातला सदैव एकाकी. दोन्ही चित्रांत कोळ्यांचे गाव मात्र दिसत नाही. होडी कोणाची, जाळे कोणाचे, मासळीचा वाटा कसा पडतो, जाळे रिकामे आले तर चूल कशी पेटते, आणि एखाद्याला गावाने दूर लोटले तर त्याचे पुढे काय होते, हे प्रश्न गाण्यात येत नाहीत. कादंबरीत येतात, पण आपण ते ओलांडून पुढे जातो.

प्रस्तुत लेखात दोन प्रसिद्ध कादंबऱ्या आणि शुभवर्तमानातील काही प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा विचार आहे. बाभुळगावसारख्या कापसाच्या मुलखात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहून, हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघातच मिळावे.

सान्तियागोचे गाव

अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही लघुकादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९५४ साली लेखकाला नोबेल. पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने ती मराठीत आणली. नाव मोठे मार्मिक आहे. 'कोळी' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत: मासे धरणारा आणि भिंतीवर जाळे विणणारा. शीर्षक ऐकताच शाळेतल्या जुन्या कवितेतला, पडूनही पुन्हा जाळे बांधणारा चिवट कोळी आठवतो, आणि कादंबरीतल्या म्हाताऱ्याची चिकाटी न सांगताच मनात उतरते.

परंतु याच शीर्षकाने आपल्या वाचनाला एक वळणही दिले. भिंतीवरचा कोळी आपल्याच पोटातल्या धाग्याने जाळे विणतो. त्याला दुसऱ्या कोणाची गरज पडत नाही. पाण्यावरच्या कोळ्याचे जाळे मात्र एकट्याचे कधीच नसते. ते एकाने विणायचे, दुसऱ्याने सांधायचे, चौघांनी ओढायचे. आणि गंमत अशी की सान्तियागोजवळ जाळे उरलेलेच नाही. तो गळ आणि दोर घेऊन समुद्रावर जातो. त्याच्या घरी पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, होते; ते केव्हाच विकले गेले आहे. मनोलिन या मुलाला हे ठाऊक आहे. तरीही ते जाळे घरात आहे असे समजून दोघे रोज त्याविषयी बोलतात, आणि घरात नसलेल्या भाताविषयीही तसेच बोलतात. म्हाताऱ्याच्या दारिद्र्यावर त्या पोराने घातलेले हे पांघरूण आहे. कादंबरीतल्या प्रचंड माशापेक्षा हा छोटा प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो.

सान्तियागो एकटा का आहे? समुद्रामुळे नव्हे. चौऱ्याऐंशी दिवस त्याला मासा मिळालेला नाही. त्यांपैकी पहिले चाळीस दिवस मनोलिन त्याच्या होडीत होता. मग मुलाच्या आईबापांनी ठरवले की म्हातारा कमनशिबी आहे, आणि मुलाला दुसऱ्या होडीवर धाडले. होडीतली ती जागा गावातल्या एका घराच्या निर्णयाने रिकामी झाली. पुढे समुद्रावर मासा दोर ओढू लागतो, हात सोलून निघतात, तेव्हा म्हाताऱ्याला पुन:पुन्हा एकच उणीव जाणवते: पोर आता इथे हवे होते. आपल्या काळजीने गावातले जुने कोळी बेचैन झाले असतील, असेही तो मनाशी म्हणतो. आपले गाव चांगले आहे, याविषयी त्याला शंका नसते. तो परततो तेव्हा कळते की किनारारक्षक दलाने आणि विमानांनी त्याचा शोध घेतला होता. कोळी जमून त्या अठरा फुटी सांगाड्याचे माप घेतात. माशाचे डोके दुसऱ्या एका कोळ्याला सापळ्यात आमिष म्हणून कामी येते. आणि मनोलिन घरच्यांची पर्वा न करता पुन्हा त्याच्याच होडीत जायचे ठरवतो.

या कादंबरीवर आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक मानवाच्या अपराजित आत्म्याविषयी. ते खोटे नाही. पण कथेच्या आरंभी गाव आहे, शेवटी गाव आहे, आणि मधल्या साऱ्या झुंजीत त्या गावातल्या एका मुलाची उणीव आहे. एकाकी वीराची पोथी म्हणून ती वाचली की तिचा अर्धा जीव निघून जातो.

पळनीच्या होडीत कोणी का बसेना?

दुसरी कादंबरी आपल्याच देशातली. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची 'चेम्मीन' ही मल्याळी कादंबरी १९५६ साली आली आणि १९५७ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रामू करियात यांच्या १९६५ सालच्या चित्रपटाने ती भारतभर पोहोचवली. करुत्तम्मा ही कोळ्याची मुलगी, परीकुट्टी हा मुसलमान व्यापारी तरुण, आणि पळनी हा तिचा नवरा, दूरच्या किनाऱ्यावरचा, आईबाप नसलेला, पण सुकाणू धरण्यात तरबेज. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याचे प्राण किनाऱ्यावरल्या बायकोच्या पातिव्रत्याने राखले जातात, हा तिथला समज कथेच्या मुळाशी आहे.

वाचक या कथेतली प्रेमकहाणी लक्षात ठेवतात. पण कथेचा खरा कणा वेगळ्या प्रसंगात आहे. करुत्तम्माविषयीची कुजबुज सासरच्या किनाऱ्यावर पोहोचते, आणि पळनीचे सोबती त्याला होडीवर बोलावणे बंद करतात. अशा माणसाबरोबर समुद्रावर जाणे धोक्याचे, असे त्यांना वाटते. पळनीने काही केलेले नाही. लग्नानंतर करुत्तम्मानेही काही केलेले नाही. संशय पुरेसा ठरतो. मग तो लहानशा होडीतून, गळ घेऊन, एकटाच जाऊ लागतो. शेवटच्या रात्री त्याच्या गळाला शार्क लागतो आणि त्याच्याशी झुंजता झुंजता तो भोवऱ्यात नाहीसा होतो. किनाऱ्यावर त्याच रात्री करुत्तम्मा आणि परीकुट्टी भेटतात, आणि पुढे त्या दोघांची प्रेते वाहून येतात.

सान्तियागो आणि पळनी यांच्या होड्या शेजारी ठेवून पाहा. दोघेही एकटे, दोघांच्या हाती जाळ्याऐवजी गळ, दोघांसमोर होडीला न पेलणारा मासा. आणि दोघांनाही एकटे पाडले ते गावाने: एकाला कमनशिबी म्हणून, दुसऱ्याला कलंकित म्हणून. सान्तियागो परत येतो, कारण एक मूल त्याला टाकायला तयार नाही. पळनी परत येत नाही. त्याच्याकडे असे मूल नाही, मित्र नाही, शेजारी नाही.

इथे तकळींविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. ज्या सोबत्यांनी पळनीची होडी रिकामी ठेवली, त्यांच्याकडे लेखकाने शेवटी वळून पाहिले नाही. निकाल समुद्रमातेने दिला, दोष प्रेमाच्या माथी गेला, आणि गाव निर्दोष सुटले. होडीत दुसरा गडी असता तर ती रात्र कदाचित निभावली असती, ही साधी शक्यता कादंबरी मिथकाच्या लाटेखाली बुडवून टाकते. कलाकृती म्हणून शेवट भव्य आहे. नीती म्हणून तो गावाला फार सवलत देतो.

वाट्याची रीत

मच्छीमारांची गावे एकमेकांना इतकी का धरून असतात, याचे कारण भावनेपेक्षा धंद्यात शोधावे. शेतात पेरले ते कमीजास्त उगवते. समुद्रात गेलेली होडी भरून येईल की रिती, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून जगभरच्या कोळ्यांनी नफ्याबरोबर तोटाही वाटून घेण्याच्या रीती बसवल्या.

याचा एक सुरेख अभ्यास मलाय द्वीपकल्पातला आहे. मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ आणि त्यांच्या पत्नी रोझमेरी १९३९-४० साली केलांतानच्या किनाऱ्यावरील पेरुपोक या भागात राहिले. रोझमेरी यांचे तिथल्या घरसंसाराविषयीचे पुस्तक १९४३ साली, तर रेमंड यांचे मलाय मच्छीमारांवरचे पुस्तक १९४६ साली निघाले. तिथे एक मोठे जाळे अनेक होड्यांनी मिळून टाकले जाई. 'जुरू सेलाम' नावाचा जाणकार पाण्यात उतरून माशांच्या थव्याचा आवाज कानांनी टिपे, आणि त्याच्या इशाऱ्यावर जाळे पसरे. मिळकतीतून जाळ्याचा वाटा, होड्यांचा वाटा आणि गड्यांचा वाटा निघे. मजुरी ठरलेली नसे; मासळी आली तर सर्वांना, नाही आली तर कोणालाच नाही. शुक्रवारी होड्या समुद्रावर जात नसत. बायका मासळीचा किरकोळ व्यापार करीत आणि घरचा पैसा सांभाळीत. फर्थ यांनी हे चित्र गोड करून रंगवलेले नाही, हे त्यांच्या लेखनाचे मोठे बळ. ज्या जाणकाराच्या जाळ्याला मासळी लागेना, त्याचे गडी दुसऱ्या जाळ्याकडे वळत. त्यांना टिकवायला त्याला उसने पैसे द्यावे लागत. मनोलिनच्या बापाने जे केले, ते पेरुपोकलाही घडत होते.

आपल्या किनाऱ्यावर वेगळे नाही. वसईचे पाचूबंदर, उत्तन, मढ येथील आपले कॅथलिक कोळी बांधव डोलीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. पुरुषाने मासळी आणावी, बाईने ती विकावी आणि पैशाची गाठ तिच्या पदराला असावी, ही त्यांचीही रीत. पण समुद्रात खुंट मारून डोल बांधण्याच्या जागा, ज्यांना 'कव' म्हणतात, त्यांच्यावरून उत्तन-वसईकडच्या आणि सातपाटीकडच्या मच्छीमारांत जुने वाद आहेत. एका गावाची एकी दुसऱ्या गावाच्या विरोधात उभी राहू शकते, हे आपण विसरू नये. बंधन हे नेहमीच प्रेम असते असे नाही.

तरीही हे बंधन तुटते तेव्हा काय जाते, याचा हिशेब कोणाच्या वहीत नसतो. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध त्याआधीपासूनच होता. अशा प्रकल्पांत नुकसान मोजले जाते ते घराचे, होडीचे, माणशी उत्पन्नाचे. चार घरांमधल्या वाट्याच्या नात्याला दर नसतो. बाभुळगावकरांना हे समुद्र न पाहताही कळेल. बेंबळा प्रकल्पाचे धरण आपल्याच तालुक्यात, खडकसावंगा येथे आहे. पाण्याने जमिनी घेतल्या, त्यांचे मोल कागदावर आले. पण विखुरलेल्या आळीत कोण कोणाला मध्यरात्री हाक मारीत असे, त्याचे मोल कोण करणार?

पेत्राची नाव

आता शुभवर्तमानाकडे वळू. आपण पेत्राचे पाचारण ऐकतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर एक प्रभू आणि एक कोळी उभे असतात. संत लूक मात्र काही वेगळे सांगतो. रात्रभर श्रम करून जाळी रिकामी आली आहेत. प्रभूच्या शब्दावरून ती पुन्हा टाकली जातात, आणि इतकी मासळी येते की दुसऱ्या नावेतील भागीदारांना खुणेने बोलवावे लागते. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान हे पेत्राचे धंद्यातले भागीदार होते, असे लूक स्पष्ट नोंदवतो. संत मार्क जब्दीच्या नावेतले मजूरही विसरत नाही. म्हणजे दैवी कृपा आली तीही एका नावेत मावली नाही. तिला शेजारची नाव लागली.

वादळ शांत करण्याच्या प्रसंगातही मार्कने एक बारीकसा तपशील ठेवला आहे: प्रभूच्या नावेबरोबर आणखी नावा होत्या. रेम्ब्रांटने १६३३ साली हे वादळ रंगवले तेव्हा एकच नाव रंगवली. आपले प्रवचनकारही बहुधा एकाच नावेत बसतात. त्या इतर नावांतल्या लोकांवरही तेच वादळ आले असणार, आणि तीच शांती उतरली असणार. १९८६ साली दुष्काळाने गालील सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा चिखलातून येशूच्या काळातली एक नाव निघाली. आठ मीटरांहून थोडी लांब, आणि बारा प्रकारच्या लाकडांचे तुकडे जोडून सांधलेली. ती श्रीमंताची नाव नव्हती, आणि ती हाकायला एक माणूस पुरला नसता.

परंतु या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रसंग संत योहानाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. पुनरुत्थानानंतरचे दिवस. पेत्र मासे धरायला निघतो. हा पेत्र कोण? ज्याने कोळशाच्या शेगडीजवळ उभे राहून आपल्या गुरूला तीन वेळा नाकारले, तो. त्याचा कलंक अफवेतला नव्हता. कोंबड्याच्या आरवण्यापूर्वी घडलेला, सर्वांना माहीत असलेला. पळनीच्या किनाऱ्यावरचा न्याय लावला असता तर त्याच्या नावेत कोणी पाऊल ठेवले नसते. पण थोमा आहे, नथनेल आहे, जब्दीचे मुलगे आहेत, आणखी दोघे आहेत. सहाही जण म्हणतात की आम्हीही येतो. त्या रात्रीही जाळे रिकामेच राहते. कोणी म्हणत नाही की याच्यामुळे राहिले. पहाटे किनाऱ्यावर प्रभू उभा असतो. मग एकशे त्रेपन्न मासे, न फाटलेले जाळे, आणि निखाऱ्यांवर भाजलेली न्याहारी. पेत्राला त्याचा कळप सोपवला जातो तो त्यानंतर.

टीकाकार एकशे त्रेपन्न या आकड्याचा अर्थ शतकानुशतके शोधत आले आहेत. मला मात्र वाटते की त्या अध्यायातला पहिला चमत्कार माशांच्या आधीच घडून गेला होता. सहा माणसे एका पडलेल्या माणसाच्या नावेत चढली. ते चढले नसते तर पेत्र त्या रात्री सान्तियागो झाला असता किंवा पळनी.

कापसाच्या मुलखात

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत कोणत्या बातमीसाठी येते, हे वाचकांना सांगायला नको. कोरडवाहू कापूस हाही समुद्राइतकाच बेभरवशाचा. पाऊस, बोंडअळी, भाव, यांतले काहीच शेतकऱ्याच्या हाती नाही. तरी कोळ्याच्या आणि त्याच्या तोट्यात एक फरक आहे. कोळ्याचे रिकामे जाळे होडीतल्या सर्वांचे असते. शेतकऱ्याचा सातबारा एकट्याचा, कर्ज एकट्याचे, आणि नापिकीची लाजही एकट्याची. तोटा वाटून घेण्याची रीत त्याच्या धंद्यात नाही. ती गावाला नव्याने बसवावी लागेल. १९९२ सालानंतरच्या बचतगटांच्या चळवळीने आणि सहकारी संस्थांनी तिचा थोडा पाया घातला आहे. बाकीचे काम शेजाऱ्याचे आहे.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे उद्घाटन याच जिल्ह्यातील एका शेतकरी विधवेच्या, वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. साहित्याच्या व्यासपीठावर त्या बाईला मिळालेले स्थान योग्यच होते. पण व्यासपीठावरून उतरल्यावर अशा बाईच्या अंगणात कोण जाते? पतीने जीव दिला म्हणजे त्या घराविषयी कुजबुज सुरू होते. काहीतरी घरातच बिनसले असेल, बाईचेच काही असेल. करुत्तम्मा केवळ केरळच्या किनाऱ्यावर राहत नाही.

ख्रिस्तसभेलाही या बाबतीत शिकावे लागले आहे. १९१७ सालच्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ सालच्या नव्या संहितेत अशा नाकारलेल्यांच्या यादीत आत्महत्या करणाऱ्यांचा उल्लेख उरला नाही. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्ट शिकवले की मनावरच्या गंभीर आघाताने किंवा यातनांच्या भीतीने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. कायद्याने दार उघडले. पण दफनभूमीचे दार उघडले तरी शेजाऱ्याचे दार बंद असू शकते, आणि ते कोणत्याही संहितेला उघडता येत नाही.

विदर्भातल्या आपल्या धर्मग्रामांत कुटुंबे थोडी आणि दूरदूर विखुरलेली. थोड्यांच्या गटात प्रेम लवकर पसरते, तशी अफवाही. एखाद्याचे पीक गेले, एखाद्याचे पोर व्यसनाला लागले, एखादीचे लग्न मोडले, की रविवारच्या मिस्सेत त्या कुटुंबाच्या बाकावर आपोआप जागा सुटते. कोणी ठरवून ती सोडत नाही. पळनीच्या सोबत्यांनीही फार ठरवून काही केले नसावे. त्यांनी फक्त बोलावणे थांबवले.

म्हणून साहित्याकडून माझी एक अपेक्षा आहे. समुद्राशी एकट्याने झुंजणारा कोळी आपण पुष्कळ पाहिला. आता मराठीत कोणीतरी त्या नावेची गोष्ट लिहावी, जिच्यात कलंक लागलेल्या माणसाबरोबर सहा जण चढले. मग ती पाचूबंदरची असो वा बेंबळेच्या जलाशयावर जाळे टाकणाऱ्या भोई-ढीवर बांधवांची. आणि वाचकांकडून अपेक्षा त्याहून साधी आहे. येत्या रविवारी मिस्सेला आल्यावर, ज्या बाकावर जागा सुटलेली दिसेल, तिथे जाऊन बसावे.